कॉम्प्युटरातली हिंगळपाड्याची जत्रा

हिंगळपाड्यात लोटन नानांना आडनावाने कोणी ओळखत नसे. पत्रावर ‘पाळणेवाले नाना, तालुका शिंदखेडा’ एवढं लिहिलं तरी ते पोचायचं, आणि पोस्टमन पत्र हातात देताना हळूच विचारून घ्यायचा की औंदा पाळणा आधी साक्रीला लागणार का पिंपळनेरला, म्हणजे सासुरवाडीला जायचा दिवस त्या हिशेबाने धरता येईल. चंपाषष्ठीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, धुळे जिल्ह्यात जिथे जत्रा तिथे नानांचा आकाशपाळणा. लोखंडी आख, दोन्ही अंगांना आरे, आठ पाळणे आणि खाली खोकणारं डिझेल इंजिन. गावच्या अहिराणीत ‘ळ’ फार वेळ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. म्हणून गावाच्या तोंडी या सगळ्या लोखंडी संसाराचं नाव ‘नानाना पायना’.

पाळणा उभा करायला नानांना अख्खा दिवस लागायचा आणि त्यातला अर्धा दिवस ते नुसते त्याच्या भोवती फिरायचे. खड्ड्यातल्या खांबाखाली लाकडी गुटका ठोकायचा, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचं, मान हलवायची आणि गुटका पुन्हा काढायचा. मग पाना घेऊन एकूण एक नटबोल्ट. द्रौपदाबाई, म्हणजे नानांची बायको, सांगायची की या माणसाने लग्नात मंगळसूत्राची गाठसुद्धा दोनदा ओढून बघितली होती, तिसऱ्यांदा ओढणार तोच भटजींनी हात धरला. पाळणा भरताना तर नाना वाण्याच्या तराजूसारखे. समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं बसलंच पाहिजे. इकडे दोन जाडजूड बाया बसल्या की नाना गर्दीत त्यांच्या तोडीचं माणूस शोधत हिंडायचे आणि सापडलं की त्याला मानाने हाताला धरून आणायचे. त्या माणसाला वाटायचं, काय आपला मान. सगळे बसले की भोंग्यावर नानांचा आवाज, नाकातून निघणारा, एका दमातला: पदर आत घ्या, टोपी हातात धरा, पोरगं मधी बसवा, ज्याला मळमळतं त्याने आत्ताच सांगा, वरून सांगून उपयोग नाही.

एवढं सगळं सव्वीस वर्षं सुरळीत चाललं आणि १९९७च्या चैत्री पुनवेला, आपल्याच गावात, खंडेरावाच्या जत्रेत घोटाळा झाला.

पाळण्याला काही झालं नाही. झालं ते आधार आबांना. आबा जत्रा कमिटीचे अध्यक्ष, वय सत्तरीचं, पांढरंशुभ्र धोतर, आणि प्रत्येक वाक्यात एक तरी ‘समजा’. पाळण्याची रांग, रसाचा चरक आणि रुपचंद हलवायाची गुळाच्या शेवेची कढई, या तिघांच्या मधल्या बोळकांडीत संध्याकाळी माणसांचा असा चेंदा झाला की आबा त्यात सापडले आणि न चालता पुढे गेले. पाळण्यापाशी आत शिरलेले आबा थेट कासारणीच्या दुकानापाशी बाहेर आले. एक वहाण गेली, फेटा गेला, धोतराचा सोगा कुणाच्या तरी पिशवीबरोबर गेला. कासारणीने तेवढ्यातही विचारलं, आबा, कोणत्या मापाच्या दाखवू.

पुढे महिनाभर आबा ही हकिकत सांगत होते, आणि दर वेळी तोच सूर. “मी समजा पाय उचला, अन् खाले ठेवाले जागाच नही. मी चालनू नही, समजा, माले चालाडं.”

ऐकणारे खाली बघून हसायचे. आबांना ते दिसायचं. आखाजी झाल्यावर कमिटीची बैठक बसली आणि आबांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षापासून हिंगळपाड्याच्या जत्रेत पायना नाही. जागाच नाही तर करायचं काय.

नानांचं पोट काही त्या एका जत्रेवर नव्हतं. पण सगळ्या मुलखाला वर नेऊन आणणाऱ्या माणसाने आपल्या गावच्या जत्रेत हात बांधून शेव खात उभं राहायचं, हे त्यांच्या मनाला काही केल्या बसेना. त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जत्रेचा नकाशा काढला. चरक इकडे सरकवला, कढई तिकडे, पाळणा नदीच्या अंगाला, आणि तो घेऊन आबांच्या ओट्यावर गेले. आबांनी चष्मा लावला, कागद उलटा धरला, सुलटा धरला, मागची पत्रिकाही वाचली, नवरा मुलगा कुणाचा कोण ते विचारलं आणि मग कागद परत दिला.

“कागदवर समजा बठ्ठंच मावस, लोटन. माणसे चालता दखाड, मंग बोलू.”

कागदावर सगळंच मावतं, पण चालती माणसं त्यावर कुठून दाखवायची? नाना कागद घेऊन घरी आले. त्यातच गुडघा सुजला. पावसाळ्यात पाळणा सुटा होऊन गोठ्यात पडलेला, काम नाही. मग द्रौपदाबाईने त्यांना गुडघ्याच्या औषधाला धुळ्याला लेकीकडे पाठवून दिलं.

लेक मंदा. धुळ्यात पाचव्या गल्लीत एका माडीवर तिचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीनं, खिडकीत कूलर, धूळ येऊ नये म्हणून जाड पडदा आणि दारावर पाटी, चपला बाहेर काढाव्यात. नाना पहिल्या दिवशी वर आले, चपला काढल्या, टोपी काढली आणि हातही जोडले. मंदाने सांगितलं की हात जोडायची गरज नाही. घरी अहिराणी बोलणारी मंदा क्लासमध्ये पाय ठेवला की एकदम वेगळी बाई व्हायची: माउस हातात घ्या, ठीक आहे? आता क्लिक करा, ठीक आहे? डबल क्लिक, ठीक आहे? स्वतःच विचारायची आणि समोरच्याने मान हलवायच्या आत स्वतःच म्हणायची, ठीक आहे.

दोन दिवसांत नानांनी कूलरचे सगळे स्क्रू आवळून टाकले. तिसऱ्या दिवशी ते खुर्च्या उलट्या करून बघायला लागले तेव्हा मंदाने त्यांना धरून चौथ्या मशीनपुढे बसवलं. त्या मशीनवर विकणाऱ्यानेच दोन-चार गेम टाकून दिले होते. ज्या विद्यार्थ्यांचा हात माउसवर बसत नसे त्यांना मंदा आठवडाभर तिथे बसवायची. त्यातला एक गेम जत्रेचा होता. मोकळी जमीन दिसायची, गच्चीवरून खालचं अंगण दिसावं तशी. त्यावर रस्ते टाकायचे, दुकानं मांडायची, पाळणे उभे करायचे, आणि मग एका कडेला गाडी येऊन थांबायची आणि तिच्यातून मुंगीएवढी माणसं उतरायची. ती आपल्या मनाने हिंडायची. भूक लागली, तहान लागली, कंटाळा आला की त्यांच्या डोक्यावर छोटासा फुगा यायचा आणि त्यात तसं चित्र.

मंदाने आकाशपाळण्याच्या चित्रावर क्लिक करून दाखवलं. जमिनीवर पाळणा उभा. नाना खुर्चीतून पुढे झुकले. एका क्षणात उभा राहिलेला पाळणा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. त्यांनी मशीनच्या पडद्याला नाक लावून पाळण्याचा पाया तपासला.

“गुटका कोठे शेतस?” नानांनी विचारलं.

मंदा म्हणाली, यात गुटके नसतात. मग बोल्ट? तेही नसतात. ओळंबा कुणी धरला? कुणीच नाही. नानांनी तो पाळणा अर्धा तास बंद ठेवला. मुंगीएवढी माणसं दारात उभी, डोक्यावर रागाचे फुगे, आणि नाना म्हणतात, थांबा रे, जीव जाईल. त्या गेममध्ये दुरुस्तीचे मिस्तरी ठेवायची सोय होती. नानांनी अकरा मिस्तरी ठेवले आणि सगळे पाळण्याभोवती उभे केले. तेव्हा कुठे दार उघडलं. उघडल्यावर आणखी दुखणं. माणसं वाटेल तशी बसतात, एका अंगाला पाचजण, दुसऱ्या अंगाला रिकामं, आणि पाळणा तरी फिरतोच आहे. नाना म्हणाले, ज्याने कोणी हे केलं त्याने पाळणा लांबून बघितला आहे.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी ते क्लास उघडायच्या आधी जिन्यात येऊन बसले.

आठवडाभरात हात बसला. बोट कडक, माउसवर असं दाबायचे की शेजारच्या मशीनवर टायपिंग शिकणारी बाई दचकायची. जत्रेच्या दारावर तिकीट लावायची सोय होती, ती त्यांनी बघताक्षणी काढून टाकली. देवाच्या दारात तिकीट असतं का. बटाट्याच्या कापांचं एक दुकान होतं, ते रुपचंदची शेव झालं. माणसांना गावातल्यांची नावं पडली. सगळ्यांच्या आधी येऊन कुठेच न बसणारा तो वना, फुकटचं बघणारा. एकाच दुकानापुढे तीनदा जाणारी ती भिकुबाई, भाव पडायची वाट बघते. नाना त्यांच्या त्यांच्या आवाजात बोलायचे, भिकुबाईचा किनरा, वनाचा सर्दीचा, आणि दुपारच्या बॅचच्या बाया टायपिंग सोडून ऐकत बसायच्या.

अशातच एका दुपारी अरुंद रस्त्यावर, दोन दुकानांच्या मध्ये, ती मुंगीएवढी माणसं एकात एक अडकली. मागची पुढे ढकलतात, पुढची हलत नाहीत, सगळ्यांच्या डोक्यावर लाल फुगे. नानांचा हात माउसवर थांबला. हे त्यांनी पाहिलेलं होतं. हा चेंदा, हीच बोळकांडी, फक्त त्यात आबांचा फेटा तेवढा कमी होता.

“मंदे,” ते म्हणाले, “ह्या माणसे चालतस ना वं.”

मंदाला आधी कळेना. मग आबांचं बोलणं नानांनी सांगितलं तेव्हा तिने बॅचला लवकर सुट्टी दिली.

त्या दिवसापासून चौथ्या मशीनवर दुसरं काही चाललं नाही. जशी आहे तशी हिंगळपाड्याची जत्रा उभी करायची, बोटभर इकडची तिकडे नको. नाना एसटीने गावी जाऊन पावलांनी जागा मोजून आले: देवळापासून चिंचेपर्यंत बहात्तर पावलं, चिंचेपासून नदीच्या उतारापर्यंत एकशे दहा. मंदाने सहा पावलांचा एक चौकोन धरला. अडचणी पुष्कळ. गेममध्ये देऊळ नव्हतं. भुताचा बंगला होता, त्याचं नानांनी नाव काढू दिलं नाही. शेवटी झेंडा लावलेला एक किल्ला सापडला, तो खंडेरावाचं देऊळ ठरला. चिंच नव्हती, टोकदार परदेशी झाडं होती. नाना म्हणाले, चिंचेने मान ताठ केली असं समजू. पाळणा मागच्या जत्रेत होता तिथेच मांडला, कढई तिथे, चरक तिथे. माणसं सोडली. नाना आणि मंदा श्वास धरून बघत राहिले आणि पंधरा मिनिटांत, बरोबर त्याच बोळकांडीत, बरोबर तसाच चेंदा झाला. बापलेक इतके खूश झाले की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला.

मग नवी मांडणी. पाळणा कुठे नेला की रांग कुठे वळते, चरक सरकवला की तहानलेले कुठून जातात. दसरा गेला, दिवाळी आली. एकोणीस वेळा जत्रा उधळली आणि एकोणीस वेळा पुन्हा मांडली. विसाव्या वेळी माणसं अशी वाहिली, जसं पाटातून पाणी. एकाच्याही डोक्यावर लाल फुगा नाही. पाळणा मधोमध, देवळाकडे तोंड करून, सगळ्या जत्रेच्या नाकावर नथ असावी तसा.

दिवाळीनंतर आबा धुळ्याच्या बाजाराला आले तेव्हा नानांनी त्यांना माडीवर आणलं. बरोबर रुपचंद हलवाई आणि झिपरू भगत. झिपरू भगताविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण तो स्वतः फारसं बोलत नसे. अंगाने हडकुळा, नजर खाली. चपला काढून तिघे आत आले, कूलरसमोर आबांनी धोतर सावरलं आणि सगळे खुर्च्यांवर मांडी घालून बसले.

नानांनी आधी जुनी जत्रा दाखवली. चेंदा झाला. आबा खुर्चीच्या काठावर आले. एक लाल सदऱ्यातला माणूस गर्दीत अडकून मागे-पुढे न बघता सरकत निघाला होता.

“हाऊ मी,” आबा म्हणाले. “समजा हाऊ मीच शे. दख, दख, पाय नही उचलस तो.”

इतके महिने ज्या हकिकतीला गाव हसलं तिचा साक्षीदार आबांना पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांनी तो चेंदा तीन वेळा बघितला आणि दर वेळी रुपचंदला कोपराने ढोसून सांगितलं की आता समजा वहाण जाईल. रुपचंदला मात्र आपल्या दुकानाशी मतलब. दुकानदाराला मिशी का नाही, हा त्याचा प्रश्न होता, आणि मंदाने ठीक आहे, ठीक आहे म्हणून त्याची समजूत काढली. मग नानांनी नवी जत्रा लावली. माणसं वाहिली. लाल सदरेवाला रस प्यायला, शेवेच्या दुकानावर गेला, पाळण्यात बसला, उतरला आणि डोक्यावर हसरा फुगा घेऊन घरी गेला. आबांनी चष्मा पुसला. आता मान हलवायचीच काय ती बाकी होती.

तेवढ्यात झिपरू भगत खाली बघतच म्हणाला, “बठ्ठं बराबर शे. पन मी कथाईन पयू?”

कुठून पळू.

हिंगळपाड्याच्या जत्रेचा खरा मान बारागाड्यांचा. पुनवेच्या संध्याकाळी बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं चढतील तेवढी चढवायची, आणि अंगाला हळद फासलेल्या भगताने, दोन्ही बाजूंना हात देणाऱ्या बगल्यांच्या आधाराने, त्या सगळ्या ओढत नदीच्या उतारापासून देवळापर्यंत पळायचं. एकोणीस वर्षं तो मान झिपरूचा होता. आणि नानांच्या त्या पाण्यासारख्या जत्रेत नदीपासून देवळापर्यंतच्या सरळ रेषेवर, बरोबर मधोमध, पाळणा उभा होता.

नानांनी पडद्याकडे बघितलं. अकरा मिस्तरी, चिंच, चरक, कासारणीचं दुकानसुद्धा आठवणीने मांडलं होतं. बारागाड्या नव्हत्या.

आबा उठले. “मंग समजा इषय मिटना,” म्हणाले, आणि मिटलेला विषय तिथेच ठेवून चपला घालून गेले. रुपचंद जाताना मंदाला हळूच सांगून गेला की मिशीचं लक्षात ठेवा.

मंदाला वाटलं नाना चिडतील. ते चिडले नाहीत, ओशाळले. माउस बाजूला सारून म्हणाले, “सव्वीस वरीसमा मी बारागाड्या एकदाबी नही दख्यात, मंदे.” कशा बघणार? त्या वेळी सगळं गाव गाड्यांकडे, पाळणा रिकामा. तेवढीच घटका मिळते म्हणून नाना इंजिन बंद करून, ग्रीसचा डबा घेऊन पाळण्याच्या खाली उताणे पडायचे आणि बेअरिंग भरायचे. गलका ऐकू यायचा, धूळ दिसायची. उठेपर्यंत गाड्या देवळापाशी आणि झिपरू कुणाच्या तरी खांद्यावर. नानांनी जत्रा मांडली होती ती आपल्या डोळ्यांनी पाहिलेली, आणि त्यांचे डोळे त्या घटकेला वर आखाकडे असत.

दुसऱ्या दिवशी नाना पहिल्या एसटीने हिंगळपाड्याला. झिपरूच्या दारात जाऊन म्हणाले, चल, मला पळून दाखव. झिपरू म्हणाला, हळद नाही, गाड्या नाहीत, असाच कसा पळू. मग चालून दाखव. तेव्हा बारा गाड्या म्हणून एका हाताने सुंभाचा लांब दोर धरून झिपरू नदीच्या उतारापासून चालत निघाला आणि दुसरं टोक धरून, गुडघा वागवत, मागे नाना. वाटेत भेटणाऱ्यांनी विचारलं, काय हरवलं का. हा न बोलणारा माणूस गाड्यांविषयी मात्र घडाघडा बोलला. सुरुवातीला जड जातात, मग अशा लागतात की पुढच्याला थांबता येत नाही. चिंचेपाशी वाट थोडी वाकते. तिथे पहिली गाडी सरळ जाते पण बारावी बाहेर फेकली जाते, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी. तिथे कोणी उभं असलं की गेलं.

नाना थांबले. “शेपूट फिरस,” ते म्हणाले.

“बराबर,” झिपरू म्हणाला. “तुम्हले कसं कयनं?”

कसं कळलं म्हणजे काय. पाळण्यातही आखापाशी काही कळत नाही, काय व्हायचं ते कडेला होतं. दोघे चिंचेखाली बसले आणि एकाने गाड्यांचं व दुसऱ्याने पाळण्याचं असं दोन तास बोलत राहिले. गावाने झिपरूला इतकं बोलताना बघून त्याच्या घरी निरोप दिला, की भगताच्या अंगात आलंय वाटतं.

उठताना नानांना चिंचेच्या पलीकडचं टेकाड दिसलं. बोडकं, खडकाळ. तिथे कोणी दुकान लावत नाही, कारण मेख ठोकता येत नाही. नाना त्यावर चढले, टाच आपटून बघितली. खड्डा करता येणार नव्हता, म्हणजे खांब पुरता येणार नव्हते. पण लांब लाकडी ओंडके खाली आडवे घालून त्यांवर दगडांनी भरलेल्या गोण्या रचल्या तर? ओंडक्याखाली गुटके. दीड दिवस लागेल. लागू दे.

धुळ्याला येऊन नानांनी आपल्या हाताने आपला पाळणा मोडला. मंदा म्हणाली, क्लिक करा, ठीक आहे? नानांनी डोळे मिटून क्लिक केलं. पाळणा टेकाडाच्या जागी गेला. नदीपासून देवळापर्यंत एक रुंद, मोकळा पट्टा सोडला, चिंचेपाशी बाहेरच्या अंगाने आणखी एक चौकोन रुंद. दोन्ही कडांना कुंपण. दुकानं पट्ट्याच्या मागे. माणसं सोडली, चारदा पुन्हा मांडावं लागलं, पाचव्यांदा वाहिली.

आबा दुसऱ्यांदा माडीवर यायला तयार नव्हते, पण लाल सदरेवाला पुन्हा दाखवू म्हटल्यावर आले. बरोबर भगत. आबांनी बघितलं, आणि यावेळी सरळ सांगून टाकलं की आपल्याला समजा यातलं काही कळत नाही, भगत हो म्हणाला तर हो.

नानांनी झिपरूला खुर्चीत बसवलं आणि माउस हातात दिला. पडद्यावरचा बाण नदीच्या उतारापाशी आणून ठेवला. झिपरूने माउसकडे बघितलं, मुठीत घट्ट आवळला, डोळे मिटून खंडेरावाचं नाव घेतलं आणि ओढला. बाण पट्ट्यावरून निघाला. झिपरू खुर्चीतून उठला. चिंचेपाशी त्याने अंग डावीकडे कलतं केलं, बाराव्या गाडीसाठी, आणि मंदा ठीक आहे म्हणायच्या आत तसाच पुढे पळाला. टेबल संपलं, माउस खाली पडला, वायर ताणली गेली आणि झिपरू धुळीसाठी लावलेल्या पडद्याच्या जाड घड्यांत जाऊन थांबला.

आबा उभे राहिले होते. मंदाने वायर तपासली. झिपरू पडद्यातून बाहेर आला, धापा टाकत.

“जागा शे,” तो म्हणाला.

एवढंच. आबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा मशीनकडे बघितलं आणि म्हणाले की मग समजा पायना लागू द्या.

अठ्ठ्याण्णव सालची चैत्री पुनव. टेकाडावर पाळणा उभा करायला दीड दिवस नाही, दोन दिवस लागले. गोण्या भरायला निम्मं गाव आलं. ज्यांना काही भरायचं नव्हतं ते गुटका सरळ आहे का ते सांगायला आले, आणि प्रत्येकाने एक डोळा मिटून बघितलं. मंदा धुळ्याहून आली होती, सगळ्यांना विचारत होती, ठीक आहे? रुपचंदने दुकान नव्या जागी लावलं आणि धंदा बघून दुपारीच मिशीला तेल लावून आला.

आणि नानांना जे सुचलं नव्हतं, कॉम्प्युटरलाही सुचलं नव्हतं, ते संध्याकाळी झालं. बारागाड्यांची वेळ झाली, आणि सव्वीस वर्षांत त्या घटकेला कधी नव्हती अशी झुंबड पाळण्यावर उडाली. टेकाडावरून, त्यातही वरच्या पाळण्यातून, नदीपासून देवळापर्यंत सगळं दिसतं हे पोरांनी शोधून काढलं होतं. नानांना ग्रीसच्या डब्याला हात लावायला सवड मिळाली नाही. त्यांनी आठही पाळणे तोलून भरले. सर्वांत शेवटी आधार आबा आले. गर्दीत उभं राहणार नाही, समजा, म्हणाले. आबांच्या तोडीचं वजन म्हणून समोरच्या पाळण्यात केसरबाई आणि तिच्या दोन सुना बसवल्या. नानांनी अर्धा फेरा दिला, आबा नेमके टोकावर गेले आणि उताराकडून गाड्या निघाल्याचा इशारा आला. नानांनी इंजिन बंद केलं.

नदीकडून धूळ उठली. आरोळी आली. आणि धुळीतून पिवळाधमक झिपरू बाहेर पडला, मान खाली, दोन्ही अंगांना बगले, मागे बारा गाड्या, गाड्यांवर पिकल्या बोरांसारखी लगडलेली माणसं. दोन्ही कडांना दोरखंड बांधलेल्या मोकळ्या पट्ट्यावर एक माणूस नव्हता. वरून आबा ओरडून सांगत होते, समजा उतार संपला, समजा चिंच आली. चिंचेपाशी झिपरूने अंग कलतं केलं. पहिली गाडी सरळ गेली, पाचवी थोडी हलली, आणि बारावी बाहेर फेकली गेली, दोरखंडाच्या हातभर अलीकडून, करकरत, आणि पुन्हा वळणीला लागली. तिच्यावरची माणसं हसत होती का ओरडत होती ते सांगता येत नाही. नाना टेकाडाच्या कडेशी आले होते. गुडघा दुखतोय हे त्यांना आठवत नव्हतं.

गाड्या देवळापाशी थांबल्या. झिपरूला लोकांनी उचललं. खांद्यावरून त्याने मान वळवून टेकाडाकडे बघितलं.

वर बऱ्याच वेळाने आबांना वारा लागायला लागला. “लोटन,” त्यांनी हाक मारली, “समजा व्हयनं. उतराड आते.”

नानांनी वर बघितलं नाही. देवळापुढे हळद उधळत होती.

“थांबा आबा,” ते म्हणाले. “मी दखी ऱ्हायनू.”